सड्यावरच्या प्रकल्पाच्या नोंदी, देवगड तालुका, २०२५

१२ जानेवारी २०२५

आज सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) फायनल केला. समुद्रापासून फार आत नाही, जांभ्याचा सपाट पसारा, एका अंगाला हापूसची कलमं, दुसऱ्या अंगाला बंद पडलेली चिरेखाण, आणि मधे जे उरलंय त्यात आमचे प्लॉट. गावाचं नाव या नोंदीत मुद्दाम टाकत नाहीये कारण सड्यावर जे दुर्मिळ कंद आहेत त्यांचा पत्ता उघडा करायचा नाही असं आमच्या गाईड मॅडमनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं.

प्रश्न काय आहे ते एकदा लिहून ठेवते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो त्यामुळे कोरड्या प्रदेशातल्या झाडांचा अभ्यास म्हटलं की कोकणाचं नाव कुणाच्या डोक्यात येत नाही. जगात कोरडा प्रदेश ठरवताना वर्षाचा पाऊस आणि बाष्प होऊन जाऊ शकणारं पाणी यांचं गुणोत्तर काढतात, ते ०.६५ च्या खाली आलं की कोरडा प्रदेश, आणि जगातली साधारण ४० टक्के जमीन त्यात येते. या हिशोबात आपण कधीच बसणार नाही. पण आपला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि सड्यावर तो धरून ठेवायला माती कुठेय? आज लोखंडी सळी घेऊन मातीची जाडी मोजत फिरलो तर बहुतेक ठिकाणी दोन बोटं माती आणि खाली सळी टण्णकन वाजते, खोलगट भागात जरा वीतभर मिळाली तर नशीब. पावसाळा उलटला की ही माती थोड्याच दिवसांत सुकून जाते आणि मग नोव्हेंबर ते मे इथल्या झाडांना वरून ऊन आणि खालून तापलेला कातळ. म्हणून माझं म्हणणं असं की सड्यावर काय चाललंय ते वर्षाच्या बेरजेवरून कळणार नाही, पाऊस कधी पडतो आणि एका वेळी किती पडतो ते बघावं लागेल. अवकाळी पावसाच्या छोट्या सरी, त्याच बघायच्या आहेत.

गुरं घेऊन एक आबा आले होते. "काय गो, सड्यार काय शोधतंस? हयसर काय पिकणा नाय." त्यांना सांगितलं की आबा, मधेच पाऊस पडला तर इथल्या गवताचं काय होतं ते बघतोय. ते बराच वेळ काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "हल्ली मदीच पावस पडता, आनि गवात फसता." आमच्या प्रपोजलमध्ये जे दोन पानांत लिहिलंय ते आबांनी एका वाक्यात सांगितलं, म्हणून जसंच्या तसं इथे लिहून ठेवलं.

१९ जानेवारी

प्लॉट आखले. एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन, कोपऱ्यांवर रंगवलेले चिऱ्याचे तुकडे कारण खुंटी ठोकायची तर ड्रिल लागेल आणि ड्रिल मारून कातळाला भेगा पाडायच्या नाहीत. तीन प्रकार. एक, काहीच करायचं नाही. दोन, थोडं थोडं पाणी, म्हणजे एका वेळी २ मिलिमीटर. तीन, एकदाच भरपूर, २० मिलिमीटर. दोन नंबरला दहा वेळा देऊन शेवटी बेरीज तेवढीच होणार, म्हणजे पाणी सारखं आणि फक्त देण्याची पद्धत वेगळी. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, त्यामुळे २ लिटरची झारी आणि २० लिटरचा कॅन एवढ्यावर काम होतं. पाणी गावातल्या विहिरीचं, आणण्याआधी ईसी मीटरने त्यातले क्षार तपासतो, ते जास्त असतील तर सगळं वाया जाईल.

हे डिझाइन का, तर अमेरिकेत युटामध्ये कोलोरॅडोच्या पठारावर झालेला एक प्रयोग. २०१२ मध्ये छापून आला. त्यांनी उन्हाळ्यात फक्त १.२ मिलिमीटरच्या सरी वारंवार दिल्या आणि तिथल्या मातीवरचं शेवाळ जे साधारण २५ टक्के जमीन झाकत होतं ते एका हंगामात २ टक्क्यांच्याही खाली गेलं. पाणी देऊन मेलं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परत परत वाचलं. कारण असं की सुकलेलं शेवाळ भिजल्याबरोबर त्याचा श्वास सुरू होतो, पेशींची डागडुजी सुरू होते, त्यात साठवलेला कार्बन खर्च होतो, आणि पानं अन्न बनवायला लागून तो खर्च भरून निघायच्या आत ऊन सगळं सुकवून टाकतं. दर सरीला तोटा. मोठा पाऊस असता तर ओल टिकली असती आणि खर्च वसूल झाला असता. आपल्या सड्यावर असंच होतं का हे अजून कुणी असं मोजून बघितल्याचं मला तरी वाचायला मिळालेलं नाही आणि म्हणूनच हे काम करायची एवढी ओढ आहे.

६ फेब्रुवारी

आज दिवसभर फक्त बघण्याचं काम केलं, भिंग घेऊन पालथं पडून. लांबून सडा काळपट दिसतो ना, तो काळेपणा दगडाचा कमी आणि जिवंत गोष्टींचा जास्त आहे. जांभा आतून तांबडा पिवळा असतो हे चिरा कापताना सगळ्यांनी बघितलंय. वरचा काळा थर हा सायनोबॅक्टेरियांचा (उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू), त्यांच्या आवरणात एक तपकिरी रंगद्रव्य असतं जे अतिनील किरणं अडवतं. मातीवर हेच जीव चिकट धागे सोडतात आणि कणाला कण धरून ठेवतात, शिवाय यातले बरेचसे हवेतला नायट्रोजन पकडून मातीत घालतात. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, ती फॉस्फरस घट्ट धरून बसतात आणि झाडाला देत नाहीत, त्यामुळे अशा गरीब मातीत फुकटचा नायट्रोजन ही फार मोठी गोष्ट आहे.

एका खोबणीत नॉस्टॉक (यातलाच एक सायनोबॅक्टेरिया) होतं, जळलेल्या कागदाच्या कपट्यांसारखं, बोटात चुरगळेल असं. त्यावर ड्रॉपरने चार थेंब टाकले आणि घड्याळ लावून बसलो. आधी कडा वळायला लागल्या, मग कपटा फुगला, काळ्याचा गडद हिरवा झाला आणि थोड्या वेळात हाताला बुळबुळीत लागणारी जेली. सोबत आलेला बीएस्सीचा मुलगा म्हणाला मॅडम हे मी लहानपणापासून तुडवत आलोय. मग पुढचा सगळा वेळ तो दगडावरून दगडावर पाय टाकत चालत होता.

आणि आमचं मुख्य झाड ट्रायपोगॉन, बोटभर उंचीचं गवत, आत्ता पूर्ण वाळकं आणि पानं सुतळीसारखी पिळलेली. हे मेलेलं नाही. अंगातलं जवळपास सगळं पाणी गेलं तरी ते जिवंत राहतं आणि पाणी मिळालं की परत हिरवं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातल्या अशा झाडांची यादी केली तेव्हा ६२ जाती निघाल्या, त्याआधी फक्त ९ माहीत होत्या, आणि त्या यादीत ट्रायपोगॉनचाच भरणा जास्त. सातबाऱ्यावर पोटखराब (पिकाला निकामी) लिहिलेल्या जमिनीवर असं झाड उगवतं हे प्रत्येक तलाठी कार्यालयात लिहून लावावं असं मला मनापासून वाटतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, कुणकेश्वरची जत्रा, रस्त्यावर गाड्यांच्या रांगा, आम्ही पहाटेच सड्यावर पोचलो म्हणून सुटलो. गरमी काय बोलायची. कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, फेब्रुवारीत! किनारपट्टीसाठी हवामान विभागाचा निकष ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असा आहे, पण तो हवेचा, दीड दोन मीटर उंचीवर सावलीत मोजलेला. झाड जिथे राहतं तिथलं तापमान वेगळंच असतं. मातीच्या पृष्ठभागावर ठेवलेल्या सेन्सरने दुपारी पन्नाशी ओलांडली, हात टेकवत नव्हता.

पहाटेचा भाग महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर. सूर्य उगवायच्या आधी गवताची वाळकी पानं दमट होती, दव. बोटाने चोळलं तर बोट ओलं होतं. किनाऱ्यालगतच्या सड्याला हे दव मिळतं आणि आमचा अंदाज आहे की काळ्या थरातले जीव त्या तास दीड तासात थोडंफार काम करून घेतात. आता रात्री गरम राहायला लागल्या तर दगड पुरेसा थंड होणार नाही आणि दव पडणार नाही. सगळं बोलणं दुपारच्या कमाल तापमानावर चालतं, सड्यासाठी मला पहाटेचं किमान तापमान जास्त काळजीचं वाटतं. म्हणून आजपासून दव मोजायला टिश्यू पेपर, रात्री वजन करून ठेवायचा आणि पहाटे सूर्याआधी उचलून झिप पाऊचमध्ये. साधं आहे पण चालतं.

सेन्सरच्या वायरींना खाऱ्या हवेने गंज धरायला लागलाय, जोडांवर ग्रीस लावलं आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या.

१५ मार्च

शिमगा. मुंबईकर आलेत, गाव भरलंय, काम बंद. ते येण्याआधीच आमच्या प्लॉटपासून थोड्या अंतरावर सड्याचा एक पट्टा जळला होता, कुणी लावला की बिडी पडली कळायला मार्ग नाही. जळलेल्या भागातून माती घेतली. मातीचा खडा चिमटीत धरून पाण्यात सोडायची चाचणी केली, काळा थर असलेला न जळलेला खडा पाण्यात बराच वेळ आख्खा राहतो, जळलेल्या भागातला खडा मात्र पाण्यात पडल्याबरोबर बुडबुडे सोडत विस्कटला आणि तळाशी लाल गाळ. हे पालखीच्या वेळी जमलेल्या लोकांना चहाच्या दोन ग्लासांत करून दाखवलं. एका काकींनी विचारलं, "म्हंजे पयल्या पावसाक ही सगळी माती व्हाळात जातली?" हो काकी, तेच. मानकऱ्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी कडेने पट्टा साफ करून घेऊ म्हणजे आग आत शिरणार नाही. बघू, पण माणसांनी स्वतःहून विषय काढला हे चांगलं झालं.

२ एप्रिल

मातीच्या श्वासाचं काम. वाळलेली माती भिजली की त्यातून कार्बन डायऑक्साइड एकदम उसळून बाहेर पडतो, सुप्त पडलेले जीव जागे होतात आणि मेलेल्या पेशींमधलं, कणांच्या आत अडकलेलं सेंद्रिय द्रव्य त्यांना खायला मिळतं. १९५८ मध्ये बर्च नावाच्या संशोधकाने यावर लिहिलं तेव्हापासून याला बर्च परिणाम म्हणतात. दर अवकाळी सरीला सड्याची माती असा कार्बन गमावत असेल का आणि किती, ते बघायचंय.

महागडं गॅस मशीन नाही त्यामुळे जुनी अल्कलीची पद्धत. छोट्या वाटीत मोजलेलं सोडियम हायड्रॉक्साइड, त्यावर पत्र्याचा डबा उपडा, एक दिवस ठेवायचं, वायू अल्कलीत शोषला जातो, मग लॅबमध्ये बेरियम क्लोराइड घालून हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन (म्हणजे उरलेलं अल्कली मोजायचं), फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग गेला की थांबा. अडचण डबा बसवण्याची. शेतात तो मातीत दाबून बसवतात, इथे दाबायला माती नाही. ओली चिकणमाती लावून फट बुजवता आली असती पण तिच्याच ओलीने श्वास वाढेल आणि रीडिंग खोटं येईल, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी डब्याच्या काठाला चिकटवली आणि वर दगड ठेवला. शेजारी बंद बरणीत तसंच अल्कली ठेवलं, मातीशिवाय, म्हणजे हवेतला जो वायू आपोआप शिरतो तो वजा करता येतो.

पहिलं पाणी द्यायच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग झाली. कोरड्या मातीतून जवळपास काही नाही. २ मिलिमीटर दिल्यावर लगेच उसळी. २० मिलिमीटर दिल्यावरची उसळी मोठी आहे पण दहापट नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मग छोट्या छोट्या सरी मिळून जास्त कार्बन घालवत असतील. फक्त मोठ्या पाण्यानंतर प्लॉटवर हिरवाई पण येते आणि ती काही कार्बन परत घेते. छोट्या सरीनंतर दुपारपर्यंत माती परत कोरडी.

२२ एप्रिल

तिन्ही प्रकारच्या प्लॉटमधून गवताची थोडी थोडी बेटं उचलून लॅबमध्ये आणली (प्लॉटच्या कडेची, मधली नाहीत). पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ठेवली. काहीच न केलेल्या प्लॉटमधली बेटं दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी, पानाचा पीळ सुटायला बुडापासून सुरुवात होते आणि टोकाकडे जाते, टोकं बहुतेकदा वाळकीच राहतात. एकदाच मोठं पाणी मिळालेली बेटं पण ठीक. थोडं थोडं पाणी मिळालेल्या बेटांमध्ये मात्र पानांचा पीळ सुटला पण रंग येईना, बुडाशी पुसट हिरवी रेघ आणि वरचं पान गवताच्या पेंढीच्या रंगाचं. सगळी नाहीत, पण बरीच.

आता लगेच उड्या मारायच्या नाहीत, नमुने थोडे आहेत आणि लॅबमधली डिश म्हणजे सडा नाही. पण रात्री झोप आली नाही हे खरं. आबांचं वाक्य आठवत होतं.

२१ मे

पाऊस. कालपासून. अरबी समुद्रात दक्षिण कोकणच्या समोर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय आणि मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका सांगितलंय. बागायतदारांची धावपळ चालू आहे, झाडावर राहिलेला शेवटचा हापूस भिजला की संपला, कॅनिंगवालेही भाव पाडतात. सेन्सरचे डबे मच्छीमारांकडून घेतलेल्या नायलॉनच्या दोरीने बांधून टाकले आणि दव मोजायच्या टिश्यू पेपरचं काम बंद केलं.

२६ मे

कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन झालेलं डिप्रेशन २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर आलं. २५ ला मान्सून तळकोकणात, हवामान विभागाने जी सीमारेषा काढली ती देवगडवरूनच, आणि आज तो मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आणि इतक्या लवकर तो तिथे पोचल्याची नोंदच नाही. केरळातही २४ मे, एरवी १ जून.

प्रयोगाचं काय झालं तर आमच्या तिन्ही प्रकारांवर आभाळाने सारखंच आणि भरपूर पाणी ओतलं. जूनपर्यंत एक नंबरचे प्लॉट कोरडे राहतील असं धरलं होतं ते आता राहिले नाहीत. पण यातूनही माहिती मिळतेय, सगळ्यांना एकाच दिवशी मोठा पाऊस मिळाला म्हणजे सुरुवातीची रेघ एकच, आता कोण किती लवकर आणि किती हिरवं होतं ते रोज फोटोवर मोजायचं. वरून कॅमेरा, ठरलेल्या उंचीवर बांबूचा तिकाटणा, शेजारी रंगांची पट्टी.

लवकर पाऊस ही चांगली बातमी असं टीव्हीवर चाललंय. शेतीसाठी काय ते शेतकरी ठरवतील. सड्यासाठी प्रश्न हा की मधे खंड पडला तर? आत्ता सगळं जागं झालंय, बिया रुजल्यात, कंदांनी कोंब काढलेत. दोन बोटं मातीत ओल किती दिवस टिकते ते आम्ही एप्रिलपासून बघतोय, फार नाही टिकत.

८ जून

मिरग आज लागला आणि सडा तर पंधरवड्याआधीच हिरवा झालाय. दीपकाडी फुलली, मुख्यतः कोकणच्या सड्यांवर सापडणारी जात. पांढरी मांसल फुलं, पातळ मातीतून सरळ वर येतात, आजूबाजूला अजून गवतही नीट वाढलेलं नसतं. १८५० च्या सुमारास डाल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि जातीच्या नावातच कोकण आहे. कंद मातीत खोल जाऊ शकत नाही कारण खोल काही नाहीच, म्हणून तो कातळाच्या फटीत अंग चोरून बसतो. आम्ही एकही उपटला नाही, फुलं मोजली आणि वाफे जसेच्या तसे सोडले. शेजारच्या सड्यावर कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे आणि ट्रकने आणलेली माती असं काम चालू आहे, तिथे गेल्या वर्षी दीपकाडी होती असं गुराखी सांगतात.

हवामान बदलाचं आणि या खड्ड्यांचं ओझं एकाच झाडावर पडतंय. पाऊस सरकला तर झाड दुसरीकडे सरकू शकलं असतं, पण दुसरीकडे कलमं आहेत किंवा चिरेखाण आहे.

१० ऑगस्ट

थोडक्यात, कारण सगळं भिजलंय आणि वही पण. सड्यावर पाणी वाहतंय, डबक्यांत गेंदाची फुलं, सीतेची आसवं या फुलांचा निळा जांभळा पट्टा, कडेला दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती. प्लॉटच्या उताराच्या बाजूला पीव्हीसीच्या अर्ध्या पाइपचे गाळ पकडायचे सापळे लावलेत. गाळ गाळून १०५ अंशावर चोवीस तास ओव्हनमध्ये, मग वजन. काळा थर शाबूत असलेल्या प्लॉटखाली पाणी जवळपास स्वच्छ येतं. जळलेल्या पट्ट्याखाली पाणी लाल, आणि सलग रिपरिप असताना फार नाही, दोन तासांत धो धो कोसळतो तेव्हाच बहुतेक सगळा गाळ येतो. मध्य भारतात दूरवर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या असं २०१७ चा अभ्यास सांगतो. तो कोकणाचा आकडा नाही, पण जोराचा पाऊस वाढला तर आधीच दोन बोटं असलेल्या मातीचं काय होणार ते सापळ्यात डोळ्यांनी दिसतंय. इथे एक सेंटिमीटर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात आणि जायला एक संध्याकाळ पुरते.

३० ऑक्टोबर

दिवाळी झाली तरी पाऊस आहे. परत अरबी समुद्रात डिप्रेशन. भातकापणी खोळंबलीय, भाताच्या उडव्या भिजल्या, लोक रडकुंडीला आलेत आणि आम्ही त्यांच्यासमोर गवताचे फोटो काढत उभे, फार अवघड वाटतं, म्हणून आज सकाळी आधी एका घरी भारे उचलायला सगळे गेलो आणि दुपारनंतर सड्यावर.

अरबी समुद्रातली चक्रीवादळं २००१ ते २०१९ या काळात त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली असं पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञांनी दाखवलंय. मे महिना आणि पावसाळ्यानंतरचे महिने हाच वादळांचा काळ, आणि सड्यावरची झाडं झोपी जायची किंवा उठायची वेळही हीच. वादळ किनाऱ्यावर आलं नाही तरी बाहेरून जाताना सरी देऊन जातं. ट्रायपोगॉनने सप्टेंबरअखेर बी टाकलं आणि पानं पिळायला सुरुवात केली होती, आज ती परत उघडलीत. सुकण्याआधी पेशींमध्ये साखर साठवायची असते, त्यावरच पेशींचे पडदे टिकतात. ही तयारी अर्धवट झालेली असताना परत भिजणं आणि मग नोव्हेंबरचं ऊन, याचा खर्च वेगळा मोजायला हवा. आमच्या मूळ प्लॅनमध्ये हे नव्हतं, आता घातलं.

२३ नोव्हेंबर

सगळ्या प्लॉटचे फोटो, श्वासाची रीडिंग, गाळ, डिशमधले निकाल एका शीटमध्ये आले. मॅडमसोबत दिवसभर बसून बघितलं. जे ठामपणे म्हणता येतं ते एवढं: उन्हाळ्यात थोडं थोडं पाणी मिळालेले प्लॉट मेच्या मोठ्या पावसानंतर हिरवे व्हायला मागे पडले आणि जूनच्या मध्यापर्यंत मागेच राहिले. एकदाच मोठं पाणी मिळालेले प्लॉट आणि काहीच न दिलेले प्लॉट यांच्यात तसा फरक दिसला नाही. ऑगस्टपर्यंत तिन्ही सारखे दिसायला लागले, म्हणजे एका हंगामाचा मार झाड भरून काढतं, निदान आपल्या भरपूर पावसात. युटासारखं एका हंगामात सगळं गेलं असं इथे झालेलं नाही आणि ते मोकळेपणाने लिहायचं. काळ्या थराचं मात्र तसं नाही, थोड्या पाण्याच्या प्लॉटमध्ये त्याच्या कडा सुटल्यात, नखाने पापुद्रा निघतो, आणि पावसाळ्यानंतरही तो परत चिकटलेला नाही. गवत सावरतं आणि माती धरणारा थर सावरत नाही असं असेल तर पाच सात वर्षं लागोपाठ असे उन्हाळे आले की गवताला उभं राहायला माती उरणार नाही. हे एका वर्षाच्या डेटावर म्हणायचं नाही, म्हणून त्याच प्लॉटवर तेच पाणी पुढच्या वर्षी परत.

बदल दोन. निम्म्या प्लॉटवर मेच्या सुरुवातीला बांबूच्या सांगाड्यावर तिरके पारदर्शक पत्रे, म्हणजे पाऊस लवकर आला तरी त्यांना तो जूनच्या नेहमीच्या तारखेलाच मिळेल, वाऱ्याचा इशारा आला की पत्रे उतरवायचे, सांगाडा तसाच ठेवायचा. आणि पापुद्र्याची चिकटण्याची ताकद मोजायला छोटा स्प्रिंगचा काटा, चिकटपट्टी लावून ओढायची आणि किती ग्रॅमला सुटतो ते वाचायचं. आग अडवायचा पट्टा गावकरी फेब्रुवारीत काढणार आहेत, त्या दिवशी कोयते घेऊन आम्ही पण.